गोळीची घाई नको, चालढकलही नको

महोदय,

नोकरी गेली, घटस्फोट झाला की माणूस खचतोच. पण दोन आठवडे उलटूनही झोप उडालेली, आंघोळीचाही कंटाळा, तर ते नैराश्य असू शकते; दुखणे अंगावर काढू नये. अनेक डॉक्टर नैराश्याची लक्षणे मोजणारी ‘पीएचक्यू-९’ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतात. २७ पैकी ५ ते ९ गुण म्हणजे सौम्य लक्षणे. नुसत्या गुणांवरून निदान होत नाही. सविस्तर बोलणे हवे, अशी लक्षणे ज्यांमुळेही दिसतात ते थायरॉईड, रक्तक्षयही तपासावे लागतात. सौम्य नैराश्यात सहसा आधी समुपदेशन, नियमित व्यायाम. गोळ्या सरसकट नाहीत. (चालू गोळ्या परस्पर बंद करणे मात्र धोक्याचे.) ‘मन घट्ट कर’ हा नातेवाइकांचा सल्ला कुठल्याच उपचारात बसत नाही. आत्महत्येचा विचार डोकावला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

— एक वाचक