अनवाणी धावणाऱ्यांचे पाय: ‘सवय होईल’ म्हणण्याआधी बोट लावून पाहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पोलिस भरतीची मैदानी चाचणी जवळ आली की गावोगावची शाळेची मैदाने आणि डांबरी रस्ते पहाटेपासून गजबजतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. यातली बरीच मुले-मुली अनवाणी धावतात. काहींना चांगले बूट परवडत नाहीत, काहींना उघड्या पायाने अंग हलके वाटते. अनवाणी धावण्याला माझा विरोध नाही. अबेबे बिकिला यांनी १९६० साली रोमची ऑलिम्पिक मॅरेथॉन अनवाणी जिंकली आणि आपल्याकडे बारामतीत नऊवारी नेसून अनवाणी धावलेल्या लता करे यांना सारा महाराष्ट्र ओळखतो. माझा आक्षेप आहे तो पाय दुखतो म्हणणाऱ्या मुलाला हमखास मिळणाऱ्या उत्तराला: ‘सवय होईल, पळत राहा.’ काही दुखणी सवयीने जातात हे खरे, पण काही दुखण्यांवर पळत राहिले तर हाड मोडते. दोन्हींतला फरक घरच्या घरी बराचसा ओळखता येतो, म्हणून हे पत्र.

बूट घालून धावणारा बहुतेक वेळा टाचेवर उतरतो, तर अनवाणी धावणारा चवड्यावर. त्यामुळे गुडघ्याचा भार हलका होतो खरा, पण तो पोटरीवर, टाचेमागच्या जाड शिरेवर आणि बोटांमागच्या लांब हाडांवर जातो. पोटरीचा स्नायू काही आठवड्यांत तयार होतो. शिरेला आणि हाडाला काही महिने लागतात. दम वाढलेला, पोटरी साथ देणारी आणि हाड मात्र अजून कच्चे, अशा वेळी मुलगा अंतर वाढवतो आणि तिथेच घात होतो. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बुटाची सवय असलेल्या धावपटूंना दहा आठवड्यांत पातळ तळाच्या बुटांवर आणले, तेव्हा निम्म्याहून थोड्या जास्त जणांच्या पायाच्या हाडांत एमआरआयवर सूज दिसली. ही सगळी धावण्यात मुरलेली माणसे होती.

आता तपासणी. खुर्चीवर बसा, दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या. पायाच्या वरच्या बाजूने, अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळापासून घोट्याकडे, हाडावरून तर्जनीने एकेक सेंटिमीटर दाबत जा. मग तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या बोटामागे तसेच करा. दुसऱ्या पायावरही करून तुलना करा. स्नायूचे दुखणे पसरट असते, ‘इथे कुठेतरी’ म्हणून तळहात फिरवून दाखवले जाते, आणि अंग गरम झाले की कमी होते. हाडाचे दुखणे एका बोटाखाली सापडते. रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर दाबले की माणूस पाय ओढून घेतो, वर थोडी सूज असते, आणि काल दोन फेऱ्यांनंतर दुखणारा पाय आज पहिल्याच फेरीत दुखू लागतो. रात्री पडल्यावरही ठणका असेल तर शंका आणखी बळकट. असे असेल तर त्याच दिवसापासून धावणे बंद. ‘एका पायावर उड्या मारून बघ’ असले प्रयोगही नकोत.

इथे एक फसगत वारंवार होते. एक्स-रे काढला, ‘फोटो क्लिअर आहे’ म्हणून मुलगा पुन्हा मैदानावर गेला आणि पंधरवड्यात हाड पुरते मोडले. सुरुवातीची केसासारखी बारीक चीर पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बहुधा दिसतच नाही. ती एमआरआयमध्ये दिसते. तो खर्च झेपत नसेल तर हाडाला चीर आहे असेच धरून विश्रांती घ्यावी आणि दोन-तीन आठवड्यांनी एक्स-रे पुन्हा काढावा. दुसऱ्या-तिसऱ्या बोटामागच्या हाडाची चीर साधारण सहा ते आठ आठवड्यांत भरते. तेवढे दिवस कडक तळाचा बूट घालून चालावे आणि दुखत नसेल तर दम टिकवायला सायकल किंवा पोहणे चालते. मात्र दोन जागा धोक्याच्या. पायाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर, करंगळीमागच्या हाडाचे मूळ. आणि घोट्याच्या किंचित पुढे, पायाचा उंचवटा असतो तिथले हाड. तिथला रक्तपुरवठा तोकडा असल्याने चीर सहजी भरत नाही. तिथे बोटाखाली दुखत असेल तर पायावर भार न देता दोन-चार दिवसांत अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावेच.

मैदानी चाचणीच्या सकाळी वेदनाशामक इंजेक्शन घेऊन उतरणाऱ्यांना कळकळीची विनंती: हे करू नका. दुखणे दाबले जाते, चीर तशीच राहते, आणि अंगातले पाणी कमी असताना ही औषधे मूत्रपिंडालाही त्रास देतात. मुलींबद्दल एक गोष्ट संकोचापायी कुणी बोलत नाही. सराव वाढला, खाणे तेवढेच राहिले आणि पाळी तीन महिने आली नाही, तर हाडे ठिसूळ होऊ लागलेली असू शकतात. अशा मुलीला हाड दुखण्याची तक्रार असेल तर डॉक्टरांना पाळीचेही सांगायलाच हवे. उपाय आधी ताटात आहे: भाकरी, डाळ, दूध, अंडी पोटभर, आणि गरज असेल तर तपासून ड जीवनसत्त्व.

दुसरा मुद्दा प्रशिक्षकांसाठी. ‘टाच टेकवू नको, पंजावर पळ’ ही सूचना १०० मीटरसाठी ठीक आहे. तीच १६०० मीटरला आणि रोजच्या लांब पळण्याला लावली जाते आणि निम्मी दुखणी तिथून सुरू होतात असे माझे मत आहे. चवडा आधी टेकावा, पण लगेच टाचही अलगद जमिनीला लागून उठली पाहिजे. टाच अधांतरी राहिली की पोटरीला क्षणाचीही उसंत मिळत नाही आणि सगळा भार बोटांमागच्या हाडांवर पडतो. पाऊल शरीराच्या खाली पडावे, फार पुढे नाही. मिनिटाला १७० ते १८० पावले हा बरा ताल. धावण्याचा आवाज येत असेल तर पाय आपटतोय. सुरुवात गुळगुळीत, कडक, स्वच्छ जागेवर करावी, कारण मऊ मातीत आपटणे कळत नाही. पहिले दोन-तीन आठवडे रोज वीस मिनिटे नुसते अनवाणी चालणे. मग एक दिवसाआड, बूट घालून केलेल्या सरावाच्या शेवटी २०० ते ४०० मीटर अनवाणी. दुसऱ्या दिवशी सकाळी हाड किंवा शीर दुखली नाही तरच पुढच्या आठवड्यात थोडे वाढवायचे. बूट नसतील तर एकूण अंतरच इतके खाली आणावे.

सकाळी अंथरुणातून उठताना पहिल्या चार पावलांना टाचेच्या आतल्या बाजूला कळ येते, मग कमी होते, हे तळपायाच्या पट्ट्याचे दुखणे. पाय जमिनीला लावण्याआधी बोटे हाताने वर ओढून दहा सेकंद धरावीत, असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. शिवाय एक दिवसाआड पायरीच्या कडेवर, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून, तीन सेकंदांत वर, दोन सेकंद थांबून, तीन सेकंदांत खाली, असे बारा वेळा, तीन फेऱ्या. गुण यायला तीन महिनेही लागतात. आठ दिवसांत सोडू नये.

काटा मोडला तर साबणाने पाय धुवावा, उकळलेल्या चिमट्याने काटा शिरला त्याच दिशेने सरळ मागे ओढावा. बाभळीच्या काट्याचे टोक आत राहिले आणि आठवड्याने सांधा सुजला तर डॉक्टरच हवा. त्यावर बिब्बा लावू नये. बिब्ब्याच्या तेलाने कातडी अक्षरशः भाजते. रुईच्या चिकाचेही तेच, आणि तो चुकून डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. धनुर्वाताचे इंजेक्शन प्रत्येक खरचटण्याला लागत नाही. लहानपणचे डोस पूर्ण असतील तर स्वच्छ जखमेला शेवटच्या डोसपासून दहा वर्षांनंतर आणि खोल किंवा मातीने भरलेल्या जखमेला पाच वर्षांनंतर घ्यावे. डोस पूर्ण झाले नसतील किंवा माहीत नसेल तर जखमेच्या दिवशीच दवाखाना गाठावा.

फोड आला तर वरची कातडी सोलू नये. फार ताठ असेल तर कडेला निर्जंतुक सुईने टोचून पाणी काढावे आणि व्हॅसलीन लावून पट्टी बांधावी. एकाच जागी पुनःपुन्हा फोड येत असेल तर तिथे पाय घासतो आहे. बहुधा मागे जोर लावून ढकलण्याची सवय असते. टाचेचा घट्टा जाड ठेवून ‘बूटच तयार झाला’ असे समजू नये. जाड घट्टाच चिरतो. अंघोळीनंतर वज्रीने हलके घासून कोकम तेल लावावे. एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळी सहालाही डांबर तापलेले असते. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद ठेवता आली नाही तर तिथे अनवाणी धावू नये. पावसाळ्यात चिखल्या झाल्या असतील किंवा पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यातून जाऊ नये. लेप्टोस्पायरोसिस या तापाचा जंतू अशाच जखमेतून शिरतो. आणि मधुमेहामुळे तळपायाची संवेदना गेलेल्यांनी, वारीत असोत वा मैदानावर, अनवाणी जाऊच नये, कारण वरची बोटाची तपासणी त्यांना उपयोगाची नाही. त्यांना जखम दुखतच नाही.

जिल्ह्याजिल्ह्यांतल्या भरती अकादमींनी दोन गोष्टी केल्या तर पुष्कळ मुले वाचतील: दर सोमवारी सरावाआधी प्रत्येकाच्या पायाची वरील पाच मिनिटांची तपासणी, आणि दुखरे हाड सापडलेल्याला हजेरी न कापता सायकलवर बसवणे. आपल्या वृत्तपत्राने हे त्यांच्यापर्यंत पोहोचवावे.

आपला विश्वासू,
एक फिजिओथेरपिस्ट, सातारा