जामीन झाला म्हंजे सुटला असं नसतंय

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात आतल्या पानावर चार ओळींची बातमी होती, मारहाणीच्या केसमधी आमच्याकडच्या एका पोराला जामीन मंजूर झाला म्हणून. गावात सगळ्यांनी वाचली आणि म्हणले चला, सुटलं एकदाचं लेकरू. सुटलं कुठं साहेब, आज नऊ दिवस झाले, पोरगं आतच आहे, कारण त्याला जामीनदार मिळंना. मायबाप कोयता घेऊन सांगलीकडं ऊसतोडीला गेलेले, जमीन नाही, घर गायरानावर पत्र्याचं, तेही कुणाच्या नावावर नाही. ते बघून मला माझे दिवस आठवले आणि दोन रात्री झोप नाही, म्हणून लिहायलोय.

माझं प्रकरण २०१६ चं आहे. ८ नोव्हेंबरला रात्री नोटबंदी झाली आणि ११ तारखेला, शुक्रवारी, मला उचललं. बांधावरून भावकीत भांडण झालतं, ते झालं नाही असं मी म्हणत नाही, मी तिथं होतो, ओढाताणीत होतो, चुलतभावाचा हात मोडला हेही खरं आहे. पण फिर्यादीत कुऱ्हाड आली आणि तेव्हाच्या दंड विधानाचं कलम ३२६ लागलं, म्हंजे घातक हत्यारानं गंभीर दुखापत. ३२५, म्हंजे नुसती गंभीर दुखापत, असतं तर जामीनपात्र होतं, ठाण्यातूनच घरी आलो असतो, एका आकड्यानं माणूस आत जातो हे मला नंतर कळलं. त्या टायमाला मी कापूस वेचू लागलो होतो, कमरेला ओटी बांधलेली. जमादार बांधावर उभा राहून म्हणला साहेबांनी बोलावलंय, दहा मिनिटाचं काम आहे. ओटी सोडून बायकोच्या हातात दिली आणि तशाच कापसानं भरलेल्या अंगानं गाडीवर बसलो. ती दहा मिनिटं संपायला चाळीस दिवस लागले.

ठाण्यात मोबाईल, चप्पल, पट्टा, खिशातले पैसे सगळं रजिस्टरला लिहून घेतलं आणि मग एका शिपायानं ब्लेड काढलं, म्हणला शर्ट वर कर. करदोडा कापला. लॉकअपमधी कुणी गळफास घेऊ नये म्हणून कापतात, तो त्यांचा नियम असंल, मी त्याला दोष देत नाही. पण आमच्यात बाप गेल्यावर करदोडा तोडतात साहेब आणि माझा बाप त्या टायमाला बाहेर व्हरांड्यात बसलेला होता, खिडकीतून त्यांनी ते पाहिलं. पुढं कितीतरी दिवस ते त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत, मी सुटून आलो त्या दिवशी मात्र सगळ्यात आधी बाजारातून काळा दोरा आणून स्वतःच्या हातानं माझ्या कमरेला बांधला.

मला कुणी मारलं नाही, हे खरं ते सांगतो. पण अटक कशात केली, कलम काय, हेही कुणी सांगितलं नाही, एका कागदावर सही घेतली. घटनेच्या २२ व्या कलमात लिहिलंय की अटकेचं कारण सांगायला पाहिजे, वकिलाला भेटू द्यायला पाहिजे, २४ तासाच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायला पाहिजे. २४ तासाचं पाळलं, दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार होता तरी सुट्टीच्या मॅजिस्ट्रेटसमोर नेलं. साहेबांनी विचारलं पोलिसांविरुद्ध तक्रार आहे का, मी नाही म्हणलो. वकील आहे का विचारलं, तर मी म्हणलो आमचा आम्ही देतो साहेब. तिथंच चुकलं. कोठडीतल्या माणसाला सरकारी खर्चानं वकील मिळतो, त्याची कमाई किती हे बघतसुद्धा नाहीत, १९८७ च्या विधी सेवा कायद्यातच आहे ते, पण आम्हाला वाटायचं फुकटचा वकील म्हंजे भिकाऱ्याचं काम, आणि बापानं कापूस घरात असताना व्याजानं पैसे काढले. दोन दिवस पीसीआर म्हंजे पोलीस कोठडी, मग एमसीआर म्हंजे न्यायालयीन कोठडी झाली आणि जेलात गेलो.

जेलाचं लई लिहित नाही. रात्री लाईट बंद करत नाहीत एवढंच सांगतो, आजसुद्धा मला लाईट चालू असला तर झोप येत नाही. पण एक गोष्ट तिथं पाहिली ती सांगायचीच आहे. माझ्या बराकीत चार जण असे होते की ज्यांचा जामीन आधीच झालेला होता. एक तर मोबाईल चोरीतला, विशीतला पोरगा, त्याला बाहेर कुणी विचारणारंच नव्हतं. मला वाटलं हे येडे आहेत का काय. पुढं २ डिसेंबरला सेशन कोर्टानं माझा जामीन मंजूर केला आणि मी पाचवा झालो.

ऑर्डर होती पंधरा हजाराचा जातमुचलका, म्हंजे स्वतःचा बाँड, आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार. ऐकायला किती सोपं आहे. आता जामीनदाराला काय लागतं, तर सातबारा, आठ-अ, तहसीलचा ऐपतीचा दाखला, आधार, रेशनकार्ड, फोटो. बापानं आपला सातबारा नेला, तर त्याच्यावर पीककर्जाचा बोजा आणि गट सामाईक, म्हंजे ज्या चुलतभावानं माझ्यावर फिर्याद दिली त्याचंच नाव त्याच उताऱ्यावर! कागद परत. मामाची जमीन कोरी होती पण ती शेजारच्या जिल्ह्यात, तर म्हणले लोकल जामीनदार आणा. मग वकिलानं अर्ज दिला की जामीनदाराऐवजी रोख भरून घ्या, कोर्टानं तेही मान्य केलं, आता रोख आणायची कुठून? बापाचं खातं जिल्हा बँकेत, आणि १४ नोव्हेंबरपासून जिल्हा बँकांना जुन्या नोटा घ्यायचीच बंदी झालेली. शाखेत कॅश नाही, रोज रांग, हातात पडले दोन हजार. घरात कापूस पडून, व्यापारी म्हणतो जुन्या नोटा घेतो का.

कोर्टाच्या आवारात लिंबाच्या झाडाखाली एकजण रोज बापाला गाठायचा. चार हजार द्या, जामीनदार उभा करतो, कागद आमचे, माणूस आमचा. तिथल्या सगळ्यांना तो माहीत होता. माय म्हणली देऊन टाका, लेकरू तर येईल. बाप म्हणले खोट्या उताऱ्यावर सोडवलं तर उद्या दुसरी केस पोरावर होईल, अजून चार दिवस बसू दे. मुलाखतीला जाळीच्या पलीकडून त्यांनी मला हे सांगितलं तेव्हा मला त्यांचा राग आला होता, आज नाही.

शेवटी उभे राहिले ते शेजारच्या गावचे एक मुसलमान चाचा. दोन एकर कोरडवाहू, आयुष्यात कधी कर्ज काढलं नव्हतं म्हणून सातबारा कोरा. आमच्याकडं प्रत्येक इलेक्शनला सातबारा कोरा करू म्हणून सांगतात, मी खराखुरा कोरा सातबारा त्यांचाच पाहिला. तहसीलात दोन खेटे मारले, दाखला काढला, कोर्टात आले. साहेबांनी विचारलं आरोपी तुमचा कोण? चाचा म्हणले, याच्या बापाला एकदा बैल विकला होता साहेब, पैसे बोलल्या दिवशी आणून दिले होते. बास. २१ डिसेंबरला संध्याकाळी मी गेटच्या बाहेर आलो. जामीन झाल्यावर एकोणीस दिवसांनी. चाचांनी एसटीचं तिकीटसुद्धा घेऊ दिलं नाही.

पुढची केस सात वर्षं चालली. तारखेच्या दिवशी आम्ही चौघंही आरोपी हजर पाहिजेत, एक आला नाही की पुढची तारीख, साहेबांची बदली झाली की पुढची तारीख, पंच आला नाही, सरकारी वकील नाही, दरवेळी रोजगार बुडवून सकाळच्या एसटीनं जायचं आणि पुकारा होईपर्यंत बाकड्यावर बसायचं. २०१९ ला एका लग्नात आम्हा भावकीचा समेट पण झाला, चुलतभाऊ माझ्या ताटात जेवला, तरी केस मागं घेता येईना कारण ३२६ आपसात मिटत नाही, त्याला औरंगाबाद खंडपीठात जावं लागतं आणि तेवढा पैसा दोघांकडं नव्हता. दोघं एकाच एसटीनं तारखेला जायचो, मी आरोपी, तो फिर्यादी. २०२३ ला निर्दोष सुटलो.

त्या सात वर्षात बाकड्यावर बसून बसून मी जे शिकलो ते मला २०१६ ला कुणी सांगायला पाहिजे होतं. १९७८ ला मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याची केस सुप्रीम कोर्टात गेली होती. मॅजिस्ट्रेटनं दहा हजाराचा जामीनदार मागितला आणि भाऊ उभा राहिला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातली म्हणून नाकारला, अगदी माझ्या मामासारखंच. न्या. कृष्ण अय्यर यांनी त्याला हजार रुपयाच्या स्वतःच्या बाँडवर सोडलं. म्हंजे माझ्या केसच्या अडतीस वर्षं आधी हा प्रश्न सुटलेला होता! आणि ३१ जानेवारी २०२३ ला सुप्रीम कोर्टानं परत सांगितलंय की जामीन होऊन सात दिवसात माणूस सुटला नाही तर जेल अधीक्षकानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या (फुकट वकील देणारं सरकारी ऑफिस) सचिवाला कळवायचं, महिना गेला तर कोर्ट स्वतःहून अट शिथिल करायचं बघू शकतं, आणि लोकल जामीनदाराची अट शक्यतो घालू नये. केंद्र सरकारची २०२३ ची एक योजना पण आहे, गरीब कच्च्या (केसचा निकाल न लागलेल्या) कैद्याच्या जामिनासाठी, निघाली तेव्हा चाळीस हजारापर्यंत होती. हे सगळं कागदावर आहे पण ज्याला लागतं तो आत असतो आणि त्याचे मायबाप ऊसाच्या फडात.

मराठवाड्यात जामीनदार म्हंजे सातबारा, आणि आमचा सातबारा म्हंजे बोजा, त्याच्यावर चार चुलत्यांची नावं. ज्याला सातबाराच नाही त्यानं काय करायचं? देशातल्या जेलांमधी २०२२ ला १०० पैकी ७५ माणसं कच्ची होती, सरकारी आकडाच आहे, त्यातले किती जण जामीन होऊन नुसते कागदावाचून बसलेत ते प्रत्येक जेलाच्या गेटवर रोज लिहून लावा असं माझं म्हणणं आहे. आणि लहान रकमेला बोजाचा उतारा चालवून घ्या, पंधरा हजारासाठी दोन एकर जमीन कमी पडते का?

या पोरासाठी मीच उभा राहणार होतो. बाप गेले, उतारा अजून सामाईक, बोजा तसाच. चाचा कोरोनात गेले, जमीन पोरांच्या नावावर झाली आणि त्यांनी ठिबकला कर्ज काढलं. म्हणून परवा सोमवारी आम्ही चौघं जाऊन विधी सेवा प्राधिकरणात अर्ज दिला की जातमुचलक्यावर सोडा. तिथल्या मॅडमनी अर्ज नीट वाचला, पोच दिली, वकील लावून दिला, एक रुपया घेतला नाही. उद्या कोर्टात अर्ज निघणार आहे.

पोराच्या मायला यायचंय पण मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटल्याशिवाय फड सोडता येत नाही. रोज संध्याकाळी मोळ्या भरून झाल्यावर दुसऱ्याच्या फोनवरून मला फोन करती आणि एकच विचारती, दादा, आला का? संपादक साहेब, तुमच्याकडं जामिनाच्या बातम्या रोज येतात, त्या बातमीच्या खाली फुकट वकिलाचा १५१०० हा नंबर तेवढा छापत जा.

आपला एक जुना वाचक
(गोदाकाठ. कृपया नाव-गाव छापू नये)