लेखकाची कारागिरी दुय्यम का मानावी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लेखक जन्मावा लागतो की घडवता येतो, या विषयावर आपल्या वाचकपत्रांच्या सदरात सध्या चर्चा सुरू आहे. बहुतेक पत्रांचा सूर असा, की प्रतिभा ही देणगी, तंत्र ही शिकण्याची बाब, आणि तंत्राच्या फार नादी लागले की लेखन निर्जीव होते. नवोदितांची हस्तलिखिते वाचण्याचे व संपादनाचे काम मी करतो, त्यामुळे या समजुतीशी माझी नेहमीच गाठ पडते. ज्यांच्यापाशी खरोखर काही सांगण्यासारखे आहे, त्यांचेच तिने सर्वाधिक नुकसान होते, असे माझे मत झाले आहे.

मराठीत हा वाद निघाला की मोरोपंतांचे (१७२९–१७९४) नाव हमखास येते, आणि तेही बहुधा आरोपीच्या पिंजऱ्यात. उच्चारताना ओठांना ओठ लागेल असे वर्ण टाळून त्यांनी निरोष्ठ रामायण रचले. ‘म’ हा ओष्ठ्य वर्ण असल्यामुळे त्या रामायणात ‘राम’ हे नावच घेता येत नाही! ही कसरत आहे, हे मान्य करायला हरकत नाही. परंतु त्याच हातून ‘केकावली’ हे प्रार्थनाकाव्यही उतरले आहे. ‘सुसंगति सदा घडो, सुजनवाक्य कानी पडो’ ही त्यातली ओळ पृथ्वी वृत्तातली, सतरा अक्षरांची. आठव्या अक्षरावर यती, म्हणजे विराम, येतो आणि नेमका तिथेच ‘घडो’ पडतो, ओळ संपते तिथे ‘पडो’. पुढच्या ओळीत ‘झडो’ आणि ‘नावडो’ यांच्या जागाही त्याच. लहानपणापासून ही प्रार्थना म्हणत आलेल्यांपैकी कोणी अक्षरे मोजत नाही, ऐकू येते ती केवळ विनवणी. वृत्तात मुरलेला हात नसता, तर ती विनवणी सतरा अक्षरांत इतकी बिनबोभाट बसली असती, असे मला वाटत नाही.

आपल्या जुन्या काव्यशास्त्राने या प्रश्नाचा विचार आजच्या वादापेक्षा अधिक समंजसपणे केलेला आहे. अकराव्या शतकातील मम्मटाने काव्याच्या निर्मितीसाठी शक्ती म्हणजे प्रतिभा, लोकव्यवहार, शास्त्रे आणि काव्ये यांच्या परिशीलनातून येणारी निपुणता, व जाणकारांच्या शिकवणीने केलेला अभ्यास अशा तीन गोष्टी सांगितल्या आणि त्या तिन्ही मिळून एकच कारण होते, सुटी सुटी तीन कारणे नव्हेत, असा खुलासाही केला. आपण मात्र त्यांतली पहिली देव्हाऱ्यात बसवतो आणि उरलेल्या दोघींना बाहेर उभे करतो.

तंत्र हे नंतर चढवायचे रंगकाम आहे, हा यातला मूळ गैरसमज. नुकत्याच वाचलेल्या एका हस्तलिखिताचे उदाहरण देतो. आईवडील विभक्त होतात त्याची ती कथा, मुलाच्या तोंडून सांगितलेली. सगळे प्रामाणिक होते, पण ‘मला फार एकटे वाटू लागले’ अशा वाक्यांनी पाने भरली होती. चर्चेअंती लेखिकेने निवेदन शेजारच्या घरातील मुलीकडे सोपवले. हा निर्णय निव्वळ तांत्रिक होता. आता अडचण अशी झाली, की त्या मुलीला भिंतीपलीकडचे काही दिसणार नाही, फक्त ऐकू येणार. मग ऐकू काय येईल? लेखिकेने उत्तर शोधले: आधी चढे आवाज, मग ते बाहेर जाऊ नयेत म्हणून मोठ्याने लावलेला रेडिओ, आणि एके दिवशी तो रेडिओही बंद. पहिल्या खर्ड्यात रेडिओ नव्हताच. निवेदक बदलल्यामुळे जी वाट बंद झाली, तिच्यामुळेच तो सुचला. याला प्रतिभा म्हणायचे की कारागिरी, हे मला ठरवता आलेले नाही, आणि ठरवण्याची निकडही वाटत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. सफाईदार, नेटकी, शेवटी ठरल्याप्रमाणे कलाटणी देणारी आणि आत काहीही नसलेली कथा वाचणे ही मोठी शिक्षा असते. तिच्यापेक्षा अडखळणारी पण जिवंत कथा मी केव्हाही पत्करीन. मात्र त्या सफाईदार कथेत तंत्र जास्त झालेले असते, हे निदान मला पटत नाही. लेखकाने स्वतःचेच लेखन परक्या नजरेने वाचलेले नसते, ही तिच्यातली उणीव. जुन्या काव्यशास्त्रातल्याच राजशेखराने कवीची कारयित्री, म्हणजे निर्माण करणारी, आणि रसिकाची भावयित्री, म्हणजे आस्वाद घेणारी, अशा प्रतिभेच्या दोन जाती सांगितल्या आहेत; पुनर्लेखनाला बसलेल्या लेखकाला ही दुसरी स्वतःपाशीच बाळगावी लागते. अर्नेस्ट हेमिंग्वे यांनी १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मुलाखतीत, आपल्या एका कादंबरीचे शेवटचे पान ३९ वेळा लिहिल्याचे सांगितले होते. नेमकी अडचण काय होती, या प्रश्नावर त्यांचे उत्तर एवढेच होते, की शब्द बरोबर बसत नव्हते. ते बसलेले नाहीत हे ज्याला जाणवते, त्याचा तो कान शिकवणीने किती तयार होतो आणि उपजत किती असतो, हे लेखनाचे वर्ग चालवणाऱ्यांनाही छातीठोकपणे सांगता येणार नाही. कच्चा कान वाचनाने आणि खाडाखोडीने सुधारतो, इतके मात्र मी पाहिले आहे.

म्हणून आपल्याला एक विनंती. लेखकांच्या मुलाखतींत ‘ही कल्पना तुम्हाला कशी सुचली?’ हा प्रश्न ठरलेला असतो आणि त्याचे उत्तरही बहुधा ठरलेलेच येते. त्याच्या जोडीला, पहिल्या खर्ड्यातून काय काढून टाकले आणि का, हेही विचारले जावे. आणि लेखकाची तयारी असेल, तर खाडाखोड केलेले एखादे पान मुलाखतीसोबत छापावे.

आपला नम्र,
एक वाचक