गोऱ्हे बाईंचा 'ऱ्ह' वाचवणाऱ्या ताईंना

ताई,

हे पत्र तुम्हाला कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागेल. बंगळुरात वाढलात, मराठी घडाघड बोलता, पण देवनागरी वाचताना अडखळता, हे तुम्हीच हसत सांगितलं होतं.

आमच्या वाचनालयाची सभासद यादी आणि वर्गणीची यादी काही केल्या जुळेना. नाव तेच, पण मागेपुढे न दिसणाऱ्या स्पेस चिकटलेल्या, म्हणून संगणक म्हणे वेगळं. वर्गणी भरलेले ४७ जण थकबाकीत! कुऱ्हाडे आजोबा पावती हातात घेऊन काउंटरवर उभे राहिले, तेव्हा त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

तुमच्याआधी दोघांना विचारलं होतं. पहिल्याने "एक्सेलमध्ये ट्रिम मारा" म्हणून फोन ठेवला. ट्रिम साधी स्पेस काढतं, १६० नंबरची न तुटणारी स्पेस तशीच राहते, हे त्याला ठाऊक नव्हतं की सांगायचा कंटाळा, देव जाणे. दुसऱ्याने न दिसणारं जे जे सापडलं ते सरसकट उडवलं. याद्या जुळल्या, पण गोऱ्हे बाईंच्या 'गोर्हे' झाल्या. आमच्या जुन्या टायपिंगमध्ये 'ऱ्ह'च्या पोटात एक अदृश्य जोडचिन्ह असतं, तेही कचऱ्यात गेलं. वर मलाच ऐकवलं, "वाचता येतंय ना?" आणि हा आमच्याच गावचा!

तुम्ही मात्र काहीही चालवायच्या आधी म्हणालात, "पाच आडनावं मोठ्याने वाचा, कशी दिसायला हवीत तेही सांगा." मी गोऱ्हे, कुऱ्हाडे, बिऱ्हाडे म्हणत गेले आणि तुम्ही माझ्यामागून, शाळेतल्या पाढ्यांसारखं. इतक्या वर्षांत कुठल्याच संगणकवाल्याने मला असं काही विचारलं नव्हतं. हुशारीचा तोटा नाही हो कुठे, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावण्याआधी विचारणारं माणूस मिळत नाही.

मग ती रेजेक्सची, म्हणजे मजकुरातला ठरावीक नमुना शोधणाऱ्या सूत्राची, ओळ. सुरुवातीला टोपी ^, शेवटी डॉलर $, म्हणजे झाडू फक्त दोन्ही टोकांना. शून्य रुंदीची स्पेस मुद्दाम वेगळी लिहिलीत, कारण ती स्पेस पकडणाऱ्या बॅकस्लॅश-एस या खुणेच्या तावडीत सापडत नाही. बाकीचं मला आजही नीट समजलेलं नाही. पण त्या ओळीच्या डोक्यावर तुम्ही इंग्रजी अक्षरांत मराठी टीप लिहिलीत ना, 'मधे हात लावू नये, लोकांची नावं आहेत', ती मी कागदावर उतरवून काउंटरच्या काचेखाली ठेवली आहे.

परवा कुऱ्हाडे आजोबांनी नवी पावती चष्मा कपाळावर सरकवून डोळ्यांजवळ धरली, "आता बरोबर" म्हणाले आणि दिवाळी अंक मागितला.

तुमची,
काउंटरवरची