बेळगावला जायचं तर आधी बातम्या बघायच्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्याहून बेळगावला कशाने जावं, हा प्रश्न मी ३६ वर्षं सोडवते आहे. सासर धनकवडीत, माहेर बेळगावच्या शहापुरात. वडील गेले. आई ८७ वर्षांची आहे, एकटी राहते आणि दर रविवारी फोनवर एवढंच विचारते, "येऊलीस न्हवं?" माझं वय ६१. सलग सात-आठ तास बसायला कंबर आता कुरकुरते. म्हणून निघण्याआधी घरात मोठी खलबतं होतात.

खरं तर रस्ता सरळ आहे. सातारा, कराड, कोल्हापूर, निपाणी, की बेळगाव. साडेतीनशे किलोमीटरच्या आत. मुलगा म्हणतो, गाडीने सोडतो. पण खेड शिवापूरपासून हत्तरगीपर्यंत सहा टोलनाके, जागोजाग उकरलेला महामार्ग आणि त्याची एक रजा, हे सगळं माझ्या दोन दिवसांच्या माहेरपणासाठी मला परवडत नाही.

रेल्वे मिरजेवरून वळसा घालून रायबाग, घटप्रभा करत जाते. अंतर चारशेच्या वर, पण कंबरेला तीच बरी. दादरहून रात्री निघणारी चालुक्य एक्सप्रेस पुण्यात येते मध्यरात्रीनंतर. त्या वेळी या वयात एकटीने फलाटावर बसायचं म्हणजे घरच्यांची झोप उडते. १६ सप्टेंबर २०२४ला पुणे-हुबळी वंदे भारत सुरू झाली, तेव्हा मी पहिल्याच महिन्यात जाऊन आले. झकास गाडी. पण ती सुरू झाली आठवड्यातून तीन दिवस, आणि आईला ताप काही वार बघून येत नाही. बायकांना ५८ वर्षांपासून रेल्वेत अर्धं तिकीट होतं, तेही मार्च २०२०मध्ये बंद झालं. तेव्हा मी ५८ची झालेलेच नव्हते. माझी पाळी येण्याआधीच पंगत उठली.

खासगी ट्रॅव्हल्सचं नाव मी आता काढत नाही. एकदा एका गाडीने पहाटे साडेचारला शहरात न नेता बाहेर महामार्गावर उतरवलं. हातात कपड्यांची बॅग, आईच्या औषधांची पिशवी, आणि समोर अंधारात दोन कुत्री.

म्हणजे राहिली लाल परी. मला ती आवडते, हे आधीच सांगते. १७ मार्च २०२३पासून एसटीत बायकांना निम्मं भाडं झालं, तेव्हा माझ्याइतका आनंद कुणालाच झाला नसेल. त्यानंतर पहिल्यांदा बेळगावचं तिकीट काढलं आणि मशीनमधून आलेल्या रकमेकडे बघतच राहिले. वाहक भला माणूस. म्हणाला, "मावशी, सवलत आपल्या हद्दीपर्यंतच. हद्द ओलांडली की पूर्ण भाडं." बरं, पलीकडे जाऊन बघावं तर तिथे ११ जून २०२३पासून बायकांना प्रवास फुकट! पण तो कर्नाटकातल्या रहिवासी बायकांना, आणि तोही राज्यातल्या राज्यात साध्या गाडीने. माझं आधार पुण्याचं. दोन्ही सरकारं बायकांचा इतका विचार करतात आणि मी नेमकी दोघांच्या मधल्या फटीत.

पण पैशाचं दुःख नाही, त्याचं आम्ही बघून घेऊ. दुःख आहे ते गाडीच बंद होण्याचं. ६ डिसेंबर २०२२ला सीमावादातून बेळगावजवळ हिरेबागेवाडीला महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगडफेक झाली, इकडे स्वारगेटला कर्नाटकाच्या गाड्यांना काळं फासलं गेलं आणि एसटीच्या तिकडच्या फेऱ्या थांबल्या. फेब्रुवारी २०२५मध्ये पुन्हा तेच. बेळगावजवळ बाळेकुंद्रीला भाषेच्या वादातून कर्नाटकाच्या वाहकाला मारहाण, मग चित्रदुर्गला आपल्या चालकाच्या तोंडाला काळं, मग फेऱ्या बंद.

त्या फेब्रुवारीत आई न्हाणीघरात पाय घसरून पडली होती. मी कोल्हापूरपर्यंत आले, तिथून दुसऱ्या एसटीने कागलला. पुढे काय, हे कागलच्या स्टँडवर मलाच काय, कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी एक वडाप, म्हणजे माणसं कोंबून नेणारी खासगी गाडी, मिळालं. अकरा माणसं, त्यात लग्नाचा बस्ता घेतलेलं एक कुटुंब आणि कागलची, निपाणीत नोकरी करणारी एक मुलगी, जी रोजच्यासारखी डबा घेऊन निघाली होती. सीमेवरचा दूधगंगेचा पूल ओलांडून कर्नाटकातल्या कोगनोळीला उतरलो. तिथून निपाणी, निपाणीहून बेळगाव. निपाणीच्या गाडीत माझ्या आजूबाजूच्या बायका आधार दाखवून शून्य रुपयांचं तिकीट घेत होत्या आणि एकमेकींशी बोलत होत्या मराठीत! पूल ओलांडल्यावर मला तरी काही बदललेलं दिसलं नाही. उसाच्या गाड्यासुद्धा तशाच रस्ता अडवून चाललेल्या.

सीमाप्रश्न मला कुणी शिकवू नये. माझे वडील दर १ नोव्हेंबरला दंडाला काळी फीत लावून बेळगावच्या सायकल फेरीत जायचे. पोलिसांच्या काठीचा वळ मी त्यांच्या पाठीवर लहानपणी बघितला आहे. महाराष्ट्राचा दावा २००४पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो तिथे चालू दे. पण स्वारगेटच्या गाडीला काळं फासल्याने तो इंचभर पुढे सरकला का? त्या गाडीत बसतं कोण? निम्म्याहून जास्त आमच्यासारखी मराठी माणसंच.

दोन्ही राज्यांच्या परिवहन महामंडळांना माझं एकच सांगणं आहे. वाद पेटला की थेट फेऱ्या थांबवाव्या लागतात, हे मला पटतं. चालक-वाहकांनाही घरदार आहे. पण मग आपली एसटी कागलपर्यंत आणि त्यांची गाडी कोगनोळीपर्यंत ठरल्या वेळी सोडा, मधल्या पट्ट्यात पोलीस उभे करा आणि हे वेळापत्रक आधीच तयार ठेवा. ते स्वारगेटला, कोल्हापूरला, बेळगावच्या स्टँडवर फळ्यावर मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून लावा. दर वेळी हे नव्याने कशाला ठरवायचं? आणि जमलं तर एकत्र बसून अर्ध्या तिकिटाचंही बघा. या गाड्या दोन राज्यांच्या आपसातल्या कराराने चालतातच, त्यात आणखी एक कलम घालता येईल.

दिवाळीत भाऊबीजेला जायचं ठरवलं आहे. भाऊ दुबईहून येणार, विमानाचं तिकीट काढून मोकळा झाला. मी कशाने येणार, हे अजून आईला सांगितलेलं नाही.

आपली,
बेळगावची एक माहेरवाशीण,
धनकवडी, पुणे