खोलीची किल्ली परत करण्याआधी

पुणे,
रविवार, रात्री

ती. आई-बाबांना
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "मंडळ बंद होतंय म्हणजे डोंगरही सुटला म्हणायचा," आणि आईने सोडलेला सुस्कारा मला इथे ऐकू आला. तसं नाहीये. बंद होतेय ती आमच्या गिर्यारोहण मंडळाची खोली, आणि खोलीत बसून जे काम चालायचं ते. ते काम काय होतं हे मी तुम्हाला कधी धड सांगितलंच नाही. फोटो तेवढे पाठवले, आणि फोटोत नुसता कडा दिसतो. म्हणून हे लांबलचक पत्र. शेवटी बाबांकडे एक मागणंही आहे.

भांडण वगैरे काही नाही. खोली ज्या वाड्यात आहे तो पाडून तिथे इमारत होणार, दुसरी खोली भाड्याने घ्यायला वर्गणी पुरत नाही, आणि नवी पोरं आता जिममधल्या भिंतीवर चढायला शिकतात. तिथे रंगीत होल्ड, म्हणजे हातापायांनी धरायचे उंचवटे, खाली गादी, दोर वरून आधीच लावलेला. शिकायला ती जागा उत्तम आहे. पण हा दोर किती जुना, कुणी कशाला वापरला, हे विचारायची सवय तिथे लागत नाही, आणि सह्याद्रीत सगळं त्या प्रश्नापासून सुरू होतं.

खोलीत एक लोखंडी कपाट आणि दोन वह्या. पहिली वही दोरांची. बाबा, तुमच्या एसटीच्या वर्कशॉपात गाडीगाडीची नोंद असायची ना, तसं इथे प्रत्येक दोराचं एक पान. जाडी ९.८ मिलिमीटर, लांबी ६० मीटर, कधी बनला, कधी वापरायला काढला, कुठल्या कड्यावर किती दिवस, आणि त्यावर कुणी पडलं का. हा दोर नायलॉनचा असतो. आत पांढऱ्या धाग्यांचा गाभा, वर विणलेली खोळ. वजन मुख्यतः गाभा पेलतो. खोळ त्याला घासण्यापासून वाचवते. दोर ताणतो म्हणून माणूस वाचतो. न ताणणारा दोर तुटला नाही तरी झटक्याने कंबरडं मोडेल. विकायला येण्याआधी ८० किलोचं वजन बांधून त्याला पाडून बघतात: निदान ५ वेळा तुटता कामा नये, आणि पहिला झटका १२ किलोन्यूटनच्या, म्हणजे साधारण १,२०० किलो वजनाइतक्या ओढीच्या, वर जाता कामा नये.

झटका किती बसेल हे किती उंचीवरून पडलो यावर नाही, पडण्याची लांबी भागिले सुटलेला दोर यावर ठरतं. समजा पहिला चढणारा शेवटच्या बोल्टच्या, म्हणजे कातळात बसवलेल्या, दोर अडकवायच्या खिळ्याच्या, ५ मीटर वर आहे. सुटला तर १० मीटर पडणार, ५ बोल्टपर्यंत आणि ५ त्याच्या खाली. खालून २० मीटर दोर सुटलेला असेल तर भागाकार अर्धा. कपडे झटकून पुन्हा चढायला लागतात. तोच माणूस मधल्या लेजवरून, म्हणजे कड्यातल्या उभं राहण्याजोग्या सपाट जागेवरून, निघून ५ मीटर वर गेलाय आणि वाटेत एकही बोल्ट नाही, तर पडणार तेवढाच, १० मीटर, पण झेलायला दोर फक्त ५. भागाकार २. दोरावरच्या चढाईत याहून वाईट आकडा नाही. म्हणून लेजवरून निघाल्यावर पहिला बोल्ट जवळ हवा, आणि म्हणूनच वहीत नुसतं "पडला" लिहून चालत नाही, कुठून पडला तेही लिहायचं.

दोर तपासायचं काम आईच्या हाताचं आहे. गव्हातला खडा बघतेस तसा अख्खा ६० मीटर दोर बोटांतून सरकवायचा. डोळ्यांपेक्षा बोटं खरी. कुठे पोकळ लागतो, कुठे चपटा, कुठे कडक. संशय आला तिथे दोर दुमडून छोटा फास करायचा. धड दोराचा फास गोल राहतो. आतला गाभा गेला असेल तर तिथे बिजागरीसारखा मोडतो. टोकाजवळ असेल तर तेवढं कापून नवी लांबी वहीत चढवायची. मध्यावर असेल तर दोर बाद. मळला तर थंड पाण्यात, सौम्य साबणाने धुवायचा आणि पैठणीसारखा सावलीत वाळवायचा, कारण उन्हाने नायलॉन कुजतो. सगळ्यात वाईट बॅटरीचं अ‍ॅसिड. इन्व्हर्टरशेजारी किंवा गाडीच्या डिकीत गळक्या बॅटरीला टेकून ठेवलेला दोर दिसायला नवा कोरा असतो आणि माणसाच्या वजनाने तुटू शकतो. खंडेनवमीला कपाटाची पूजा करतो तेव्हाही दोराला नुसतं झेंडूचं फूल. तेल, कुंकू, उदबत्ती लांब. कॅराबिनरना, म्हणजे दोर अडकवायच्या धातूच्या कड्यांना, मात्र हवं तेवढं कुंकू लावा, धुतलं की झालं.

दुसरी वही कातळाची, आणि जीव अडकलाय तो हिच्यात.

आपला सह्याद्री बेसॉल्टचा, लाव्ह्याच्या थरांवर थर. एक थर घट्ट, ठोकला की टणत्कार करणारा. त्याच्यावरचा बुडबुड्यांनी पोखरलेला, गारगोट्या भरलेला. मध्ये लाल मातीचा पट्टा, मुरूम, घसारा, त्यावर वाळलेलं गवत. त्यामुळे सुळका लिंगाणा असो, वजीर असो की हडबीची शेंडी, २० मीटर छान कातळ मिळतो आणि पुढचे ४ मीटर हातात येतील असे दगड. चार महिने पाऊस हे सगळं सैल करतो, म्हणून दसऱ्यानंतरची पहिली चढाई जुन्या वाटेवरची असली तरी नवीच समजायची. होल्ड ओढण्याआधी मुठीने ठोकायचा. भद्द आवाज आला तर बाहेरच्या बाजूला ओढायचा नाही, खाली दाबायचा, किंवा सोडून द्यायचा.

अशा कातळात बोल्ट मारायचा म्हणजे बाबा, तुम्ही हार्डवेअरच्या दुकानातून अँकर फास्टनर आणायचात तेच काम, फक्त स्टेनलेसमध्ये. आधी हातोडीने हातभर जागा वाजवून बघायची. कडेपासून आणि दुसऱ्या बोल्टपासून निदान वीतभर अंतर. भोक पृष्ठभागाला काटकोनात. तिरकं गेलं की हँगर, म्हणजे बोल्टवरची कॅराबिनर अडकवायची पट्टी, कातळाला सपाट बसत नाही आणि ओढ पट्टीच्या कडेवर येते. मग भुकटी काढणं. फुंकणी, ब्रश, पुन्हा फुंकणी, निदान तीन फेऱ्या. सगळ्यात जास्त आळस इथेच होतो. भुकटी राहिली की फास्टनरची बाही कातळ धरत नाही, नट आवळताना अख्खा बोल्ट फिरतो, आणि ते भोक वाया. आवळायचं टॉर्क पान्याने, बनवणाऱ्याने दिलेल्या आकड्यापर्यंत. अंगातली ताकद दाखवणाऱ्याने बोल्टची मान ताणून ठेवलेली असते आणि ती बाहेरून दिसत नाही.

आणि धातू मिसळायचे नाहीत. जस्ताचा मुलामा दिलेल्या साध्या बोल्टवर स्टेनलेसचा हँगर बसवला की पावसाच्या पाण्यात साधा बोल्टच आधी खाऊन जातो, तोही हँगरमागे झाकलेल्या जागी. खाऱ्या हवेत स्टेनलेसचाही भरवसा नाही. थायलंडच्या समुद्रकाठच्या कड्यांवर त्याला आतून तडे गेले, म्हणून तिथे टायटॅनियमचे बोल्ट चिकटवतात. आपल्याकडे जुन्या वाटांवर अजून हाताने भोक पाडून मारलेले जुने बोल्ट आणि फटीत ठोकलेले पिटॉन, म्हणजे लोखंडी पाचरी, आहेत. जुन्या सेल्फ-ड्रिल अँकरमध्ये, म्हणजे जे ठोकून स्वतःच भोक पाडतात त्यांत, बोल्ट ८ मिलिमीटरचा आणि कातळात भोक जेमतेम ३० मिलिमीटर. त्यावर नुसतं लटकणं वेगळं आणि पडणं वेगळं.

वहीत हेच लिहिलेलं आहे. वाट, टप्पा, बोल्टचा क्रमांक, धातू, कधी मारला, कधी बदलला, शेवटचं कधी बघितलं. शेरे दोन-दोन शब्दांचे: "मान हलते", "हँगर फिरतो", "वरचा दगड पोकळ". आता या वहीच्या झेरॉक्स निघतील, फोटोही निघतील, ती काही हरवणार नाही. पण शेरा कुणी लिहिलाय हे माहीत असल्याशिवाय त्याचं वजन कळत नाही. एका काकांच्या अक्षरातलं "जरा सैल" म्हणजे तिकडे फिरकू नका. एकाचं "फार धोकादायक" म्हणजे त्या दिवशी तो दमला होता. पंधरा-वीस वर्षं एकमेकांच्या दोराला लटकून ही भाषांतराची कला आलेली असते, आणि तिची झेरॉक्स निघत नाही. तुम्ही विचारलंत ना, बारा-पंधरा टाळकी होतात, एवढं काय वाईट वाटून घ्यायचं? तर हे.

दुसऱ्याचे डोळे हाही त्याचाच भाग. निघण्याआधी जोडीदाराचं सगळं हात लावून बघायचं: हार्नेसचं, म्हणजे कमरेला-मांड्यांना बांधायच्या पट्ट्याचं, बकल, आठची गाठ आणि तिचं निदान १० सेंटिमीटर शेपूट, बिले डिव्हाइसमधून, म्हणजे जोडीदाराचा दोर आवरायच्या साधनातून, दोर बरोबर बाजूने गेलाय का, कॅराबिनरचा स्क्रू बंद आहे का, आणि दोराच्या खालच्या टोकाला गाठ आहे का. चूक नवख्याची होते असं आईला वाटतं. नवखा घाबरलेला असतो, तो दोनदा बघतो. जुना माणूस गाठ अर्धी ओवून कुणाच्या तरी हाकेला ओ देतो आणि उरलेली अर्धी विसरतो. म्हणून गाठ मारणाऱ्याशी बोलायचं नाही. टोकाच्या गाठीचंही तसंच. वाट ३२ मीटरची, दोर ६० चा. माणसाला वरून सोडताना ६४ लागतात. गाठ नसेल तर शेवटचं टोक डिव्हाइसमधून सुळकन निघून जातं. रॅपल करताना, म्हणजे दोरावरून खाली उतरतानाही, दोन्ही टोकांना गाठ, आणि खाली पोचल्यावर दोर ओढण्याआधी आठवणीने सोडायची, नाहीतर ती वर अडकते आणि मग कुणाला तरी पुन्हा चढावं लागतं.

बाबांना एक आवडेल. दोन बोल्टना पट्टा घालून मधोमध वजन घेतलं आणि पट्ट्याचा कोन ६० अंशांचा ठेवला तर प्रत्येक बोल्टवर ५८ टक्के येतं. १२० अंश झाला की दोघांवर पूर्ण शंभर-शंभर. इंजिन उचलताना साखळी आखूड पडली तर तुम्ही का ओरडायचात ते मला कड्यावर कळलं.

बाकी ज्ञान वहीत नाही, गावात आहे. आग्यामोहोळ यंदा कुठल्या घळीत बसलंय, टाक्यातलं पाणी कधीपर्यंत पुरतं, हे पायथ्याच्या घरी चहा घेतल्याशिवाय समजत नाही. मोहोळ दिसलं तर अत्तर, धूर, आरडाओरडा बंद, आणि वाट बदलायची.

कपाट रिकामं करतोय. बनून १० वर्षं झालेलं कापडी सामान, म्हणजे दोर, हार्नेस, स्लिंग (शिवलेले पट्टे), न वापरलेलं असलं तरी बाद. हेल्मेटही. कॅराबिनरना वयाची अट नाही. दार आपोआप बंद होतंय का आणि दोर घासून खाच पडलीय का एवढं बघायचं. पुल्या, स्ट्रेचर, लांब न ताणणारे दोर रेस्क्यूला जाणाऱ्यांना देतोय, ते काम थांबणार नाही. बाद दोर अख्खा कुणालाही द्यायचा नाही, कितीही गळ घातली तरी. दोन-दोन मीटरचे तुकडे करायचे, म्हणजे उद्या कुणी त्यावर पोरांना धबधब्यात उतरवणार नाही. आई, कपडे वाळत घालायला चार तुकडे तुला पाठवतेय. ताणतात, तेव्हा चादरी मध्यावर घालू नकोस.

आता मागणं. आम्ही चढायला गेलो की एक जण शहरात थांबायचा, खोलीत, कागद घेऊन. ते काम यापुढे बाबांनी करावं. सोबत कोरा नमुना पाठवतेय. आम्ही निघण्याआधी भरून फोटो पाठवू: माणसं, फोन, रक्तगट, पायथ्याचं गाव आणि तिथल्या घराचा नंबर, वाटेचं नाव, उतरायची वाट, गाडीचा नंबर, खाली पोचायची वेळ आणि हाकेची वेळ. समजा पोचायची वेळ ५ आणि हाकेची ९. पाचनंतर फोन नाही आला तरी काही करायचं नाही. तिथे रेंज नसते, बॅटरी वाचवायला फोन बंद असतात, दोर अडकला तर दोन तास सहज जातात. बरोबर ९ वाजता आधी पायथ्याच्या घरी फोन करायचा: गाडी उभी आहे का, कड्यावर उजेड दिसतो का. तिथून काही कळलं नाही की गिर्यारोहण महासंघाच्या रेस्क्यू केंद्राला आणि ११२ ला, आणि कागदावरचं जसंच्या तसं वाचून दाखवायचं. स्वतःचा अंदाज सांगायचा नाही. कुणी हार्नेसमध्ये बेशुद्ध लटकून असेल तर मिनिटं मोजावी लागतात, तेव्हा त्यांना नाव-गाव-वाट पहिल्या वाक्यात हवं. आणि घरातलं कुणीही रात्री गाडी काढून निघायचं नाही.

आईला हे जमणार नाही, ती सव्वापाचलाच फोन लावेल. म्हणून बाबा. ९ म्हणजे ९. ८ नाही, आणि "अजून अर्धा तास बघू" असंही नाही. जमेल का ते खंडेनवमीच्या आत कळवा. त्याच दिवशी खोलीची किल्ली परत करतोय.

तुमची,
मनू