विम्याचा भाव आणि माणसाची पत : स्विंडनहून घरी पत्र

स्विंडन, इंग्लंड
९ मे २०२५

तीर्थरूप बाबांस,

शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

तुम्ही फोनवर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दोन वाक्यांत उरकणे मला पटले नाही, म्हणून सवडीने लिहीत आहे. धाकटा भाऊ चतुर्थी आटोपून सप्टेंबरात इकडे येणार, कामाच्या पाळ्या पहाटेच्या असल्यामुळे त्याला लवकरच गाडी घ्यावी लागणार, आणि विम्याचा भाव विचारला रे विचारला की कंपनी त्याच्या कर्जफेडीची नोंद उघडून बघणार, असे तुम्हाला फोंड्यात कुणीतरी सांगितले आहे. हे बरोबर आहे. पण दहा ठिकाणी भाव विचारला की दहा वेळा नाव तपासले जाऊन पत खराब होते आणि पुढे बँक दारात उभे करत नाही, हे जे त्यांनी पुढे जोडले ते बरोबर नाही. त्या भीतीपोटी त्याने पहिल्याच कंपनीचा भाव मान्य केला तर त्याचे निष्कारण नुकसान होईल.

आपल्याकडे स्कूटरचा विमा उतरवताना एजंट आरसी बुक मागतो, मागच्या वर्षीची पॉलिसी बघतो आणि क्लेम घेतला होता का एवढे विचारतो. थर्ड पार्टीचा दर सरकारच ठरवते, आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर नो क्लेम बोनस २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत चढत जातो. तुमचे घरकर्जाचे हप्ते वेळेवर गेले की नाहीत, याच्याशी त्या एजंटाला काही देणेघेणे नसते. इथे विम्याचा दर सरकार ठरवत नाही. वय, नोकरी, राहण्याचा पोस्टकोड, गाडी रात्री रस्त्यावर उभी राहते की आवारात, वर्षाकाठी किती मैल चालणार, हे सगळे विचारून प्रत्येक कंपनी आपापला भाव काढते, आणि त्या हिशेबात पतनोंद हीसुद्धा एक बाब असू शकते.

ही नोंद ठेवणाऱ्या संस्था इथे मुख्यतः तीन आहेत : एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन. नावे तुमच्या ओळखीची आहेत, कारण या तिन्ही आपल्या देशातही काम करतात, आणि ज्याला सगळे सिबिल म्हणतात ती संस्था आज ट्रान्सयुनियनच्याच नावाने चालते. तरीही धाकट्याने फोंड्यात मोटारसायकलच्या कर्जाचा एकही हप्ता चुकवला नाही, ही नोंद आपोआप इथल्या दफ्तरात येत नाही. विमानातून उतरेल त्या दिवशी त्याचे पान कोरे असेल. पान कोरे असणे म्हणजे तो थकबाकीदार ठरणे नव्हे. पण विम्याचा भाव काढणारे यंत्र अनोळखी माणसाला ओळखीच्या माणसाइतके स्वस्तात घेत नाही, आणि त्याला त्याचा त्रास होईल हे तुम्ही आत्ताच जाणून असावे असे मला वाटते.

आता तुमच्या मुख्य काळजीकडे येते. इथे तपासणी दोन प्रकारची असते. नुसता भाव विचारला असता जी होते तिला सॉफ्ट सर्च म्हणतात, आणि प्रत्यक्ष कर्जाचा अर्ज केला असता जी होते ती हार्ड सर्च. तुम्हाला कळावे म्हणून मी गेल्या आठवड्यात माझ्या स्वतःच्या पतनोंदीचा अहवाल उघडून नीट वाचला. शेवटी शोधांची, म्हणजे ही नोंद कुणी कधी तपासली त्याची, यादी आहे, आणि तीत ज्या संध्याकाळी मी तुलना करणाऱ्या संकेतस्थळावर गाडीची माहिती भरली होती, त्या एकाच तारखेखाली अनेक विमा कंपन्यांची नावे एकाखाली एक छापलेली आहेत. प्रत्येक नावापुढे ‘विमा कोटेशन’ अशा अर्थाची नोंद आहे, आणि यादीच्या माथ्यावर स्पष्ट लिहिले आहे की हा भाग कर्ज देणाऱ्या इतर संस्थांना दिसत नाही आणि कर्जफेडीच्या नोंदीवरून माणसाला जे गुण देतात त्या गुणांकनात धरला जात नाही. तेव्हा त्याने दहा काय, वीस ठिकाणी भाव विचारावा. या देशात गाडीच्या विम्यात पैसे वाचवण्याचा तोच सर्वांत सरळ मार्ग आहे.

कंपन्या त्या नोंदीत नेमके काय बघतात, हे तुम्ही विचारलेत. सर्वांत आधी बघतात ते हा माणूस खरोखर आहे का आणि सांगितलेल्या पत्त्यावर राहतो का. त्यासाठी नाव, जन्मतारीख आणि पत्ता मतदारयादीशी पडताळला जातो. आपल्या दृष्टीने यात एक मोठी सोय आहे, ती अनेकांना ठाऊक नसते. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे, भारतीय पासपोर्टवर इथे कायदेशीर राहणाऱ्या माणसाला मतदारयादीत नाव घालता येते आणि मतदानही करता येते. पोर्तुगालचा पासपोर्ट घेऊन आलेल्या आपल्या गोवेकरांचे नियम निराळे आहेत, पण धाकट्याचा पासपोर्ट भारतीयच असल्याने त्याने घर मिळताच पहिल्या आठवड्यात हे काम उरकावे. आपल्याकडच्या कागदांवर आडनाव कुठे जुन्या पोर्तुगीज धाटणीने, कुठे इंग्रजी धाटणीने लिहिलेले असते आणि वडिलांचे नाव कधी असते, कधी नसते. लायसन्स, बँकेचे खाते, भाडेकरार आणि मतदारयादी या चारही ठिकाणी एकच स्पेलिंग पडेल एवढी दक्षता त्याने घ्यावी. एका अक्षराच्या फरकाने यंत्राला तो दुसराच माणूस वाटू शकतो.

त्यानंतर बघितली जाते ती थकबाकी, दिवाळखोरी आणि कोर्टाचे निकाल. इथे कुणाचे देणे बुडवले आणि कोर्टाने हुकूम दिला, की महिन्याच्या आत सगळी रक्कम भरली नाही तर तो निकाल ६ वर्षे नावावर राहतो. असा माणूस हप्ते भरील की नाही आणि फसवेगिरी करील की काय, याचा अंदाज कंपन्या त्यावरून बांधतात, आणि काही कंपन्या विम्याच्या भावातही हा अंदाज मिसळतात. कोणत्या कंपनीने किती मिसळला हे गिऱ्हाइकाला सांगितले जात नाही, आणि माझा खरा आक्षेप इथेच आहे.

अमेरिकेत तर ही प्रथा उघडपणे रूढ आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून तिथे केवळ विम्यासाठी वेगळे गुणांकन काढले जाऊ लागले. २००७ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने मोटार विम्यातील या गुणांकनाचा अभ्यास करून दोन गोष्टी नोंदवल्या. कमी गुण असलेल्या लोकांकडून क्लेमपोटी जास्त रक्कम जाते, हे आकड्यांत दिसते. आणि कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक लोक कमी गुणांच्या गटात त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने जास्त आढळतात, हेही दिसते. कॅलिफोर्नियात १९८८ सालच्या लोकमताने मोटार विम्याचा भाव प्रामुख्याने चालवण्याची नोंद, वर्षाचे मैल आणि अनुभव यांवर ठरवावा असा कायदा झाला, आणि तिथे, तसेच मॅसॅच्युसेट्स आणि हवाई या राज्यांत, मोटार विम्यासाठी पतगुण वापरता येत नाहीत. बाकी बहुतेक ठिकाणी वापरता येतात, मात्र त्या नोंदीमुळे भाव वाढला तर तसे गिऱ्हाइकाला कळवणे १९७० च्या केंद्रीय कायद्याने बंधनकारक आहे.

बाबा, तुम्ही पतसंस्थेत आयुष्य काढलेत. एखाद्या सभासदाचे हप्ते थकले तर तो खाणबंदीत घरी बसला आहे, की घरात दुखणे निघाले आहे, की मुळातच बुडवणारा आहे, हे तुम्हाला माहीत असायचे, आणि वसुलीला जाताना तुम्ही तिघांशी एकाच तऱ्हेने बोलत नव्हता. इथे ते तिघे एकाच आकड्यात बसतात. खाण बंद पडली म्हणून कर्ज थकलेला ट्रकचालक गाडी वाईट चालवू लागतो, असे कुणी म्हणणार नाही. तरी अशा गणितात त्याचा विमा महागतो. आकड्यांचा मेळ हजारो माणसांच्या बाबतीत जमत असेलही, पण बिल एकट्या माणसाच्या हाती पडते आणि त्याला कारण विचारायला समोर कुणीच नसते. हे मला न्याय्य वाटत नाही, आणि निदान अमेरिकेसारखी कारण कळवण्याची सक्ती इथेही असावी असे माझे ठाम मत आहे.

आता हप्त्यांविषयी, कारण नुकसान खरे तिथे होते. वर्षाचा विमा एकरकमी भरला तर ती साधी खरेदी होते. तोच दरमहा भरायचा म्हटला तर बहुतेक कंपन्या ते कर्ज समजतात, व्याज लावतात, वेगळ्या करारावर सही घेतात आणि हार्ड सर्च करू शकतात. ही तपासणी मात्र साधारण वर्षभर इतर बँकांना दिसते. समजा विमा ६०० पौंडांचा आहे आणि वर ‘फक्त १० टक्के’ व्याज आहे. ६६० चे १२ भाग केले की महिना ५५ पौंड, आणि वाचणाऱ्याला ते किरकोळ वाटते. पण देणे दर महिन्याला कमी होत जाते, व्याज मात्र पूर्ण ६०० वर घेतलेले असते. घटत्या शिलकीवर हिशेब मांडलात तर खरा दर २० टक्क्यांच्या जवळ निघेल. वहीत मांडून बघा. हे कर्ज घेणारे बहुधा तेच असतात ज्यांच्याजवळ एकरकमी पैसे नसतात, आणि म्हणूनच इथल्या वित्तीय नियामकाने, एफसीएने, २०२४ साली या धंद्याची चौकशी हाती घेतली. शिवाय हप्ते चुकून कंपनीने पॉलिसीच रद्द केली, तर पुढे प्रत्येक नव्या कंपनीच्या प्रश्नाला तसे उत्तर द्यावे लागते आणि भाव चढतो. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की त्याने नवा फोन वगैरे बाजूला ठेवून विम्याची रक्कम आत्तापासून जमवावी. थोडी कमी पडली तर मी भरीन, पण त्याला हप्ते बांधू देणार नाही.

विमा ताईच्या, म्हणजे माझ्या, नावावर घ्या आणि गाडी त्याला चालवू द्या, असे आईने सुचवले होते. तिचा हेतू चांगला आहे, पण हे करता येणार नाही. गाडी मुख्यतः जो चालवतो त्याचेच नाव मुख्य चालक म्हणून द्यावे लागते. २०१२ च्या कायद्याप्रमाणे गिऱ्हाइकाने उत्तरे काळजीपूर्वक आणि खरी द्यायची असतात; जाणूनबुजून खोटे दिल्याचे उघड झाले तर कंपनी क्लेम नाकारू शकते. त्याने अपघातात कुणाला दुखापत केली आणि त्याची भरपाई कंपनीने आपल्याकडून वसूल करायला काढली, तर आपण घर विकूनही ते निस्तरू शकणार नाही. माझ्या पॉलिसीवर दुसरा चालक म्हणून त्याचे नाव घालता येईल, आणि माझी गाडी तो अधूनमधून चालवील तेवढ्यापुरते ते मी घालीन.

इथे आल्यावर तिन्ही संस्थांकडून त्याला स्वतःचा अहवाल फुकट मागवता येईल. २०१८ पासून त्याला एक पेनीही पडत नाही. नोंद चुकीची असेल तर दुरुस्ती मागता येते, आणि संस्थेने ती नाकारली तर २०० शब्दांपर्यंतचा स्वतःचा खुलासा त्या नोंदीशेजारी जोडून घेता येतो.

निघण्यापूर्वी त्याच्याकडून दोन कागद जमवून घ्या. विमा कंपनीच्या लेटरहेडवर, किती वर्षे क्लेम नाही हे इंग्रजीत लिहिलेले पत्र. थोड्याच कंपन्या ते मानतात, पण मानणारी मिळाली तर बराच फरक पडेल. आणि आरटीओतून लायसन्सच्या तपशिलाचा उतारा, त्यात लायसन्स पहिल्यांदा कधी मिळाले ती तारीख हवी. आपल्या लायसन्सवर इथे १२ महिनेच गाडी चालवता येते, तेव्हा इथल्या परीक्षेची तयारीही त्याने लगेच सुरू करावी. सावंतवाडीच्या काकांचा मुलगाही यायचे म्हणत आहे, म्हणून हे पत्र त्यांनाही वाचायला द्या.

आईस साष्टांग नमस्कार, धाकट्यास आशीर्वाद.

आपली लेक